देगलूरचा मारवा

सगळं सभागृह हसलं तेव्हा श्रीपादही हसला, आणि घरी येईस्तोवर त्याला झोंबत राहिलं ते हेच. वक्ता पुण्याचा होता, वयानं तरुण, झब्बा कडक इस्त्रीचा आणि बोलणं त्याहून कडक. विषय होता, गाणं कसं ऐकावं. आता नांदेडच्या माणसाचा कान धरून त्याला ऐकायला शिकवायला पुण्याहून कुणाला तरी यावं लागतं, ते असो. पण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला संध्याकाळ कुठंतरी घालवावी लागते, म्हणून श्रीपाद गेला होता आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसला होता. दाद म्हणजे काय, ती कुठं द्यावी, कुठं गिळावी, हे तासभर सांगून झाल्यावर वक्ता म्हणाला, "आणि आता, कशी देऊ नये त्याचा एक नमुना." त्यानं लॅपटॉपची कळ दाबली. तंबोरा सुरू झाला आणि श्रीपाद खुर्चीत ताठ झाला. निषादाला लावलेली ती तार त्यानं स्वतःच्या हातानं लावली होती, देगलूरला, तीसेक वर्षांपूर्वी. मग राघूचा आवाज आला. राघवेंद्राचा, त्याच्या जुन्या मित्राचा. मारवा गात होता तो, षड्जाला, त्या मूळच्या 'सा'ला, बगल देत देत, उंबऱ्यापाशी यायचं आणि आत पाऊल न टाकता परत फिरायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, मारव्याची सगळी खुमारी त्यातच. आणि बऱ्याच वेळानं तो वरच्या षड्जाकडे निघाला. आता पोचणार, आता पोचणार, आणि नेमकं तिथंच कुणीतरी मायक्रोफोनच्या तोंडात तोंड घातल्यासारखं बोंबललं, "ओहोहो! क्या बात है राघू!" स्पीकर चरचरला. षड्ज कुठं गेला ते देवाला ठाऊक. वक्त्यानं आवाज थांबवला आणि म्हणाला, "एवढा वेळ राबून गायकानं घर बांधलं, आणि ह्या गृहस्थांनी एका आरोळीत पाडलं." मग सभागृह हसलं. श्रीपादही हसला, बाजूच्याच्या मांडीवर थाप मारून हसला, आणि हसता हसता डोळ्यांच्या कोपऱ्यांतून बघत राहिला, कुणी आपल्याकडे पाहतंय का. कुणीच पाहत नव्हतं. नांदेडात त्याला त्या आवाजाचा मालक म्हणून ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

घरी सौदामिनीनं दार उघडताच विचारलं, "काय शिकवलं मग पुणेकरांनी?" "ऐकायला," तो म्हणाला. "बरं झालं. मग ऐका, तिकडं दूध उतू चाललंय, जाताना तर मी हाका मारून मारून बेजार झाले, तुम्ही चपला शोधून राहिला होतात." तो स्वयंपाकघरात गेला, गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभा राहिला. बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. ती ऐकून घेत भाकरी थापत राहिली. "आणि तुम्ही हसलात?" "हसलो." "काय की बाई. उठून सांगायचं होतं, तो गाढव मीच आहे म्हणून." "गाढव?" त्याचा आवाज चढला. "अगं, मी ओरडलो नसतो तर काय झालं असतं ठाऊक आहे ना तुला? राघूचा सूर फुटला होता. फुटला होता! चारचौघांत अब्रू गेली असती त्याची. मी झाकलं ते." "हाव की," सौदामिनी म्हणाली, "तुम्ही मोठे कर्ण, कवचकुंडलं देऊन बसलेले. पण राघूभाऊजींना कधी विचारलं का, बाबा रे, तुझा सूर फुटला होता की नव्हता?" "असलं विचारतात का कुणी?" "नसतील बाई विचारत," म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. केलेला उपकार बोलून दाखवला की त्याची माती होते, हे श्रीपादचं म्हणणं. पण न बोललेल्या उपकारापायी आपण जन्मभर इंटरनेटवर गाढव म्हणून नांदायचं, हे कुठं ठरलं होतं? कुणा उपद्व्याप्यानं ती कॅसेट यूट्यूबवर चढवली तेव्हापासून त्याखाली लोक लिहीत होते. कुणाला वाटे तो दारू पिऊन बसलाय, कुणी लिहिलं की ह्या काकांना तंबोऱ्यासकट बाहेर काढायला हवं होतं. श्रीपाद ते वाचायचा. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, तसा रोज एकदा जाऊन वाचायचा.

आणि त्याच दिवशी, जेवताना, लातूरहून मृण्मयीचा निरोप यावा! मृण्मयी म्हणजे राघूची मुलगी. बाप जाऊन वर्ष झालं होतं, आणि ती त्याच्या जुन्या कॅसेटी घेऊन बसली होती, घरातच एक खोली बंद करून तिनं रेकॉर्डिंगचं सामान मांडलं होतं. "काका, देगलूरचा मारवा साफ करून राहिले. आता मशीननं एकेक आवाज वेगळा काढता येतो. तुमची दाद काढून बघितली. लोकांसमोर ठेवायच्या आधी तुम्ही एकदा ऐकावं असं वाटतं. याल का?" श्रीपादचा घास तोंडातच राहिला. दाद काढली म्हणजे झाकण काढलं. झाकण काढलं म्हणजे खाली राघूचा फुटका षड्ज उघडा पडला असणार, आणि तो त्याच्या पोरीनं ऐकला असणार. बिचारी. म्हणूनच बोलावतेय, तोंडानं विचारायला, की काका, हे असं होतं का? पहिल्यांदा त्याला राघूची दया आली, मेल्यावर माणसाला असं उघडं पाडणाऱ्या यंत्राचा संताप आला. पण त्या संतापाच्या बुडाशी काहीतरी गोड हललं, ते त्याला कळलं, आणि स्वतःचीच शिसारी आली. चला, एका माणसाला तरी कळलं. उद्या पुण्याच्या त्या इस्त्रीवाल्यालाही कळेल. "जाऊन येतो उद्या," तो म्हणाला. सौदामिनीनं पानात भाजी वाढली.

एसटीत खिडकी मिळाली. लोह्यापर्यंत ऊन पाठीशी होतं, मग ते तोंडावर आलं, आणि श्रीपाद डोळे मिटून देगलूरच्या माडीवर जाऊन बसला, जसा तो आजवर शेकडो वेळा बसला होता. चंद्रप्पा अडत्याच्या नातवाचं बारसं होतं. खाली पंगती उठत होत्या, वर माडीवर गाद्या टाकून बैठक मांडली होती. चंद्रप्पाला गाण्याचं वेड. त्यानं हैदराबादहून नवा टेपरेकॉर्डर आणला होता, आणि त्याचा मायक्रोफोन राघूच्या पुढ्यात न ठेवता मधोमध, तंबोऱ्याला लागून ठेवला, का तर तंबोरा चांगला यायला पाहिजे. समोर अडते, वकील, उर्दू शाळेचे मास्तर, कानडी बोलणारे व्याही, तेलुगू बोलणारे जावई. दाद म्हणाल तर चार भाषांतून, कुणी शाबास म्हणे, कुणी बहोत खूब म्हणे, कुणी नुसतं मांडीवर थाप मारी. राघूला सकाळपासून सर्दी होती. आणि त्या गाढवानं दुपारी पंगतीत मिरचीची भजी हाणली होती. "राघ्या, गळ्याचं वाटोळं करशील," असं श्रीपादनं म्हटलंही, तर म्हणाला, "तू तंबोरा लाव, गळा मी लावतो." दिवेलागणीला बसले. श्रीपाद मागं, उजव्या हाताला, तंबोरा घेऊन. मागं बसणाऱ्याला गवयाचं तोंड दिसत नाही, मान दिसते, आणि मान खोटं बोलत नाही. मध्यसप्तकात दोनदा आवाज घसरला ते समोर कुणाच्या ध्यानात आलं नाही, श्रीपादच्या आलं. मग राघू वर निघाला. निषादावर थांबला. तिथं श्वास घेतला त्यानं, आणि तो श्वास अर्ध्यात अडकला, कुठंतरी कफ आडवा आला, मानेची शीर तट्ट फुगली, आणि श्रीपादला कळलं की आता हा फुटणार. गेला हा. वडिलांच्या वयाची चार शहाणी माणसं समोर बसलीत, मशीन चालू आहे, आणि हा ह्या षड्जावर फुटणार. विचार करायला वेळ होता कुठं? तंबोरा वाजवणाऱ्यानं ओरडायचं नसतं, मान हलवायलाही परवानगी काढावी लागते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? जीव तोडून ओरडला तो. माडीवर हसू फुटलं, कुणीतरी म्हणालं, हमारे तंबुरेवाले को मज़ा आ गया, आणि राघू क्षणभर थांबला, खाली उतरला, आणि पाच मिनिटांत त्यानं मारवा आवरला.

आवरला, आणि मागं वळून पाहिलं. काय होतं त्या पाहण्यात? अहमदपूर येईपर्यंत श्रीपाद त्या पाहण्याभोवतीच फिरत राहिला. राग नव्हता. राग असता तर कळला असता, राघूचा राग लपायचा नाही. काहीतरी गिळल्यासारखं पाहिलं त्यानं. दोघंही तेव्हा लातूरला राहायचे. परतीच्या बसमध्ये राघू स्वतः उभा राहिला आणि श्रीपादला खिडकी दिली. उदगीरच्या स्टँडवर एक सीताफळ घेऊन अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. एक शब्द बोलला नाही त्या आरोळीबद्दल. त्या दिवशी नाही आणि नंतर मरेपर्यंत नाही. समजला मला, श्रीपादनं तेव्हाच मनाशी म्हटलं होतं. मित्र म्हणतात ते याला. आणि पुढं सिद्रामप्पा कॅसेटवाल्यानं त्या बैठकीच्या प्रती काढायचं ठरवलं, तेव्हा तो म्हणाला होता, ते बोंबलणं तेवढं कापू या. आणि राघूनं ठाम नाही म्हटलं. ठेवा, काही कापायचं नाही. सिद्रामप्पानंच हे श्रीपादला लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत भेटल्यावर सांगितलं, हात जोडत, काय माणूस आहे म्हणून. श्रीपाद आतल्या आत हसला होता. कापेल कसा? कापलं तर खालचं दिसेल ना! आपली लाज मित्राच्या आवाजात गुंडाळून ठेवली होती राघूनं, आणि दोघंच तेवढं जाणत होते. या एका गोष्टीवर श्रीपादनं वर्षं काढली. स्वतःचं गाणं तर केव्हाच सुटलं, कालव्यांच्या मोजमापात गेलं. राघूचं नाव झालं, थोडं झालं, मराठवाड्यापुरतं झालं, पण झालं. आणि त्या नावात एक चिमूटभर आपली आहे, असं श्रीपादला वाटायचं. कुणी गाढव म्हणालं की तो त्या चिमटीला हात लावून बघायचा.

मृण्मयीनं औसा रोडवरच्या घरात त्याला आधी चहा दिला, चुरमुऱ्यांचा सुशीला दिला, सौदामिनीकाकूंच्या गुडघ्यांचं विचारलं. तिच्या तोंडाकडे श्रीपाद बघत होता. बापाची लाज कळलेल्या पोरीचं तोंड असं असतं का? ती तर उत्साहानं बोलून राहिली होती. खोलीच्या भिंतींना जाड फोम चिकटवलेला, खिडकी बुजवलेली, आणि त्या बंद हवेत त्याला आपल्याच छातीचे ठोके ऐकू यायला लागले. "आधी जुनं लावू की नवं?" "नवं लाव," तो म्हणाला. त्याला आता धीर निघत नव्हता. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. तंबोरा आला, पण दूर ठेवल्यासारखा. राघू आला, सर्दीसकट. घसरला ती पहिली जागा आली, दुसरी आली. निषाद आला. अडकलेला तो श्वास आला, अगदी तस्सा, आणि श्रीपादच्या बोटांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि मग षड्ज आला. सबंध. कुठं टवका नाही, कुठं खरखर नाही. दिवा लावावा आणि खोली दिसायला लागावी तसा लख्ख षड्ज, आणि तो राहिला, राहिला, आणि मग कसलाही आधार नसल्यासारखा मधेच थांबला. कारण तिथं राघू थांबला होता. कुणीतरी ओरडलं म्हणून थांबला होता.

श्रीपादनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "परत लाव." तिनं परत लावला. परत तेच. "हे असं कसं?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच भांडणाचा वाटला. "काय काका?" "हा राघूचाच आहे का षड्ज? मशीननं नाही ना घातला पदरचा?" मृण्मयी जरा चपापली. "तुमच्या आवाजाखाली दबलेलं सगळंच्या सगळं निघत नाही हो. जेवढं हाती लागतं तेवढं ते घेतं, आणि मधल्या फटी भरतं. बाबांचे पुढचे मागचे सूर ऐकून अंदाजानं भरतं." "म्हणजे हा त्याचा नाही!" श्रीपाद खुर्चीतून अर्धा उठलाच. जीव भांड्यात पडला त्याचा, बुडणाऱ्याला काठी सापडावी तसं झालं. "मशीनला काय कळतंय? मी होतो तिथं. मी मागं बसलो होतो. मृण्मयी, तुला आज एक सांगतो, आजवर कुणाला—" "काका, पण मशीन सांगतं तेच बाबाही म्हणायचे ना," ती म्हणाली. "काय म्हणायचे?" "की तो लागला होता. आयुष्यात एकदाच तसा लागला म्हणायचे. सर्दी होती, श्वास अडकला, आता गेलोच म्हणून डोळे मिटले, आणि कुठून आला कुणास ठाऊक, असा षड्ज पुन्हा कधी लागला नाही. मी लहान असल्यापासून ऐकत आले. आई चिडायची, म्हणायची, मग त्या श्रीपादभाऊजींना एकदा ऐकवा ना चांगलं, कॅसेटमधून तरी कापा ते. तर म्हणायचे, नको, श्रीपादला लागेल. त्याला राहवलं नाही म्हणून ओरडला बिचारा, त्याच्याइतकं कुणी ऐकतं का माझं." मृण्मयी हसली, बापाची आठवण निघाल्यावर मुली हसतात तशी. "तुम्ही काय सांगत होतात?"

श्रीपादनं हेडफोन टेबलावर ठेवला. त्याला एकदम एक साधी गोष्ट कळली होती, कुणा पोरालाही कळावी इतकी साधी, आणि ती इतक्या वर्षांत कळली नाही याचा त्याला भयंकर राग आला. फुटलेला सूर त्यानं ऐकला कधी? श्वास ऐकला होता. मानेची शीर पाहिली होती. त्यानंतर तो ओरडत होता. जीव तोडून ओरडणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा सूर ऐकू येतो का? आपल्याच बोंबेत आपले कान भरले होते, आणि ती बोंब ओसरली तेव्हा राघू थांबलेला होता. मधलं त्यानं भरलं होतं. फटी अंदाजानं भरल्या होत्या. आणि रोज भरत आला होता, इतक्या वेळा की त्याला ती खरखर कानात ऐकू यायची, आत्ता बसमध्येही आली होती. मग खरं काय? राघूला स्वतःला तरी ठाऊक होतं का? श्रीपादच्या आरोळीत त्याला तरी काय ऐकू आलं असेल? मशीनला विचारावं तर ते आपल्या पदरचं घालतं. चंद्रप्पा गेला, ते मास्तर गेले, राघू गेला. कुणाला विचारायचं? कुणाच्या तोंडावर मारायचं हे? त्याला वाटलं, आत्ता ह्या पोरीला सांगावं, अगं तुझा बाप खोटं बोलत होता, त्याचा सूर फुटला होता आणि मी झाकला. शब्द जिभेवर आले. मृण्मयी त्याच्याकडे बघत होती.

"मग काय करू?" तिनं विचारलं. "बाबा असेस्तोवर कापू दिलं नाही त्यांनी. आता तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर मी जुनंच ठेवते, खरंच." "काढ," श्रीपाद म्हणाला. "नक्की?" "अगं काढ म्हणून सांगून राहिलो ना. षड्ज त्याचा आहे, त्याला देऊन टाक." हे म्हणताना त्याला मोठेपणा वाटला नाही, काहीच वाटलं नाही, नुसता थकवा आला. मृण्मयी डोळे पुसत वाकून नमस्कार करायला लागली, तसा तो पाय मागं ओढून उठलाच. जेवून जा म्हणाली, तो थांबला नाही. बसची वेळ झालीय म्हणून खोटंच सांगितलं आणि रिक्षा धरली.

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली नव्हती. बाकावर बसला आणि मग त्याला संताप आला, खराखुरा. राघ्या, लेका, काय माणूस होतास रे तू! नको, श्रीपादला लागेल म्हणे. दयेखाली ठेवलंस मला? आणि मी तुला उपकाराखाली समजत होतो! चहाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचो आपण, तू मला माफ करत, मी तुला सांभाळत, आणि दोघंही कसे मोठ्या मनाचे! एकदा, फक्त एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, श्रीपाद, माझ्या जन्माचा षड्ज खाल्लास तू. मी म्हटलं असतं, गाढवा, तुझी लाज राखली. गळा धरला असता आपण एकमेकांचा. आणि आपल्याला काय भांडणं नवी होती? तंबोरा लावण्यावरून भांडायचो, बंदिशीच्या एका अक्षरावरून भांडायचो, शेवटच्या भज्यावरून भांडायचो. एकदा ह्याच गंजगोलाईत भर बाजारात राघूनं चप्पल फेकून मारली होती. आठ दिवस बोलला नाही, आणि नवव्या दिवशी खिडकीखाली येऊन शीळ घातली होती, चल, नवी चीज मिळालीय म्हणून. फोन वाजला. सौदामिनी होती. "पोचलात का? काय निघालं मग खाली?" "षड्ज," तो म्हणाला. "चांगला होता?" "लई चांगला." त्यानं नाक ओढलं. "अहो, मग रडून कशाला राहिलात? गेलं ते गेलं, भाऊजींनी कधी मनात धरलं का?" श्रीपादनं तोंड भिंतीकडे वळवलं. "तो भांडलाच नाही गं माझ्याशी," तो म्हणाला. "देगलूरनंतर एकदाही भांडला नाही."